रॉक बँड स्टेजवर आयत्या वेळी जे वाजवतात ते खरंच आयत्या वेळचं असतं का?

खर्जवाला
मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. माझे कान घडले ते घरातल्या शास्त्रीय संगीतावर. रॉकशी संबंध कॉलेजात जेवढा सगळ्यांचा येतो तेवढाच. पण ऑफिसातल्या एका मित्राने ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज ऐकवली आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकावंसंच वाटत नाहीये.

त्यांचं 'डार्क स्टार' हे गाणं घ्या. १९६८ मधे सिंगल म्हणून आलं तेव्हा पावणेतीन मिनिटांचं होतं. १९६९ च्या 'लाइव्ह/डेड' अल्बमवर तेच गाणं २३ मिनिटं चालतं. आणि २७ ऑगस्ट १९७२ ला ऑरेगनमधल्या व्हेनेटा गावी वाजवलं ते ३१ मिनिटांच्या आसपास. शब्द तेच, दोन कडवी. मग बाकीचा वेळ काय चाललंय?

ख्यालात मला कळतं की उपज गाणाऱ्याची, साथीदार त्याच्या मागे, ठेका बांधलेला, सम कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक. इथे पाच-सहा माणसं एकाच वेळी उपज करतायत, पुढे असं कुणीच नाही, तरी मधेच सगळे मिळून एक वळण घेतात, लय सुद्धा बदलते आणि कुणी ओरडून सांगितलेलं ऐकू येत नाही. हे आधी ठरलेलं असतं का? मला तर वाटतं की नसतं, आणि जमतं ते सोलो वाजवणाऱ्यामुळे नाही तर मागच्यांमुळे. पण मी स्वतः वाद्य वाजवत नाही, त्यामुळे वाजवणाऱ्यांनी सांगा.

वेडा_राघू
जागा राखून ठेवतो. ३१ मिनिटं ऐकून येतो मग बोलतो.

बेसवाला_बंड्या
खर्जवाला, तुमचं नाव बघूनच उत्तर द्यावंसं वाटलं, कारण उत्तर खर्जातच आहे :)

डार्क स्टारचा जॅम (म्हणजे सगळ्यांनी मिळून तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवणं) मुख्यतः 'ए' वर बसलाय, मिक्सोलिडियन. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सा = ए धरला तर खमाज थाटाचे स्वर, शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. कॉर्ड बदलत नसली की पुढचा गिटारवाला मोकळा, त्याला 'आता चार मात्रांनी कुठे जायचं' ही चिंता नाही. तुम्हाला तानपुऱ्याची सवय आहे म्हणून तुम्हाला ते लगेच भिडलं असणार.

आता गंमत बघा. बहुतेक बँडमधे बेसवाला सांगतो की घर इथे आहे, पहिल्या ठोक्यावर षड्ज देतो. डेडचा बेसवाला फिल लेश ते करत नाही. हा माणूस मुळात ट्रम्पेट वाजवणारा, मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओकडे आधुनिक रचना शिकलेला, १९६५ मधे बँडचा गिटारवाला जेरी गार्सियाने बोलावलं तेव्हा त्याने बेस हातात धरलेलाही नव्हता. त्यामुळे बेसवाल्याने काय करायचं नसतं ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो गिटारच्या बाजूने स्वतःची वेगळी ओळ चालवतो. गार्सिया एखाद्या स्वरावर रेंगाळत असेल आणि लेशने खालचा स्वर बदलला तर वरचा तोच स्वर एकदम वेगळा लागतो, पंचमाचा षड्ज व्हावा तसं. गार्सियाला ते ऐकू येतं, तो तिकडे वळतो, मग ऱ्हिदम गिटारवाला बॉब वीअर वळतो. तुम्ही म्हणताय ते 'सगळे मिळून वळण' हे असं तयार होतं. आपल्याला एकदम झाल्यासारखं वाटतं पण त्यात एक-दोन सेकंदांची साखळी असते. हेडफोन लावून फक्त बेस धरून ऐका, ती साखळी दिसायला लागेल.

घाटावरचा
धागा चांगला आहे पण मी विरुद्ध बाजूने बोलतो. या जॅमबिमचं फार कौतुक होतं. सत्तरच्या दशकातल्या निम्म्या लाइव्ह अल्बमवर जे वीस-वीस मिनिटांचं आहे ते निव्वळ पाल्हाळ आहे. आणि 'तिथल्या तिथे' तर अजिबात नाही. डीप पर्पल या इंग्लिश बँडचं 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आणि 'मेड इन जपान' या लाइव्ह अल्बमवर वीस मिनिटांच्या घरात. लोकांना वाटतं काय सुचलं वा! पण तो मधला भाग त्यांच्या १९६८ च्या 'मँड्रेक रूट' या गाण्यातून उचललेला, वर्षानुवर्षं रोज रात्री वाजवलेला. पाठ झालेलं परत वाजवणं याला उपज कशी म्हणणार?

७५-७६ नंतर पंकवाले दोन मिनिटांची गाणी घेऊन आले ते उगाच नाही आले. लोक कंटाळले होते.

जुनी_रेकॉर्ड
घाटावरचा, मँड्रेक रूटचं तुमचं बरोबर आहे. पण निष्कर्ष पटला नाही. आराखडा ठरलेला असणं आणि वाजवणं ठरलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गवई मारवा गाणार हे ठरलेलं असतं, बंदिश पाठ असते, आलाप मग बोलआलाप मग ताना हा क्रमही माहीत असतो. म्हणून कुणी त्याला पाठ केलेलं गाणं म्हणत नाही.

त्याच मेड इन जपानवर 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' ऐका. मधे ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, गिलन तो गळ्यातून परत देतो. मग तुकडा अवघड होत जातो, वर चढत जातो, आणि शेवटी गिलन जो लांबलचक सूर लावतो त्याला गिटारकडे उत्तरच राहत नाही. हे सवाल-जवाब रोजच्या कार्यक्रमात होते, पण कुठला तुकडा येणार हे गिलनला माहीत नसायचं. ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकिओ. आम्ही कॅसेटवर ऐकायचो तेव्हा मित्राचे वडील, स्वतः ढोलकी वाजवणारे, दारात उभं राहून म्हणाले 'हे आमचंच की रे'. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता.

आणि मुंबईकरांसाठी एक आठवण, माझी नाही, मी लहान होतो. १९७२ मधेच लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी रेकॉर्डिंग केलं, ते पुढे २०१५ मधे त्यांच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. त्याच मुक्कामात ते कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमधे गेले आणि तिथल्या पोरांच्या वाद्यांवर वाजवून आले. तालीम नाही, जाहिरात नाही, तिकीट नाही. त्या रात्री तिथे असलेल्यांचा हेवा मला अजून वाटतो.

मेघना_७
जुनी_रेकॉर्ड काका, तुमच्या मित्राच्या बाबांचं वाक्य फार आवडलं!!

डग्गा
ढोलकीचा विषय निघालाच आहे तर तालाकडून लिहितो. मी तबला वाजवतो, रॉकवाला नाही, पण या बँडकडे मी तबल्यामुळेच पोचलो.

ग्रेटफुल डेडमधे दोन ड्रमवाले. बिल क्रॉइट्झमन पहिल्यापासून आणि मिकी हार्ट १९६७ च्या सप्टेंबरपासून. हार्टची अल्लारखाँसाहेबांशी गाठ पडली आणि तो त्यांच्याकडे शिकायला बसला. त्यानंतर या बँडमधे विषम मात्रांचं वेडच शिरलं. ७, १०, ११ मात्रांवर तासन्‌तास तालमी करायचे. त्यांचं 'द इलेव्हन' नावाचं गाणं आहेच, ११ मात्रा, ३+३+३+२. नुसत्या टाळ्या देऊन बघा, दोनवर आल्यावर दर वेळी पुढे ढकलल्यासारखं होतं. लाइव्ह/डेडवर ते ऐकता येईल.

ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन बँडच्या 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात पण अकराच. तिथला किस्सा असा की ज्याने गाणं लिहिलं त्या ग्रेग ऑलमनला आपण अकरात लिहिलंय हे माहीतच नव्हतं. त्याच्या डोक्यात तीन-तीन-तीन आणि मग पुढच्या तीनवर उडी मारायला दोन, एवढंच होतं. भाऊ ड्वेनने सांगितलं तेव्हा कळलं. आपल्याकडे रुद्र ताल अकराचाच, पण ग्रेगने तो न शिकता हातातून काढला. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट हॉलमधल्या मार्च १९७१ च्या रेकॉर्डिंगमधे हे गाणं २३ मिनिटं चालतं आणि मधे एक जागा येते जिथे लय जवळजवळ विरघळते, ठेका नाहीच, दोन गिटारी नुसत्या एकमेकींशी बोलतायत. दोन ड्रमवाले तिथेही आहेत, पण दोघंही हात आवरून. ते परत येतात तेव्हा काय वाटतं ते इथे लिहून समजणार नाही, ऐकाच.

आता खर्जवाला यांच्या प्रश्नाचं माझ्या बाजूने उत्तर. सम सगळ्यांना माहीत असली की समेपासून लांब जायची भीती राहत नाही. दोन ड्रमवाल्यांपैकी एक घर सांभाळत असेल तर दुसरा फिरून येऊ शकतो. आम्ही लेहऱ्यावर (तालाचं आवर्तन दाखवणारी, परत परत वाजणारी धून) सोलो वाजवतो ते याच भरवशावर.

मेघना_७
डग्गा, झाकीरभाईंचा पण या लोकांशी संबंध होता ना? कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय.

डग्गा
होता तर! तेच लिहायचं राहिलं. झाकीरभाई विशीच्या उंबरठ्यावर असताना अमेरिकेत गेले, तिथे कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात शिकवायचे. मिकी हार्टशी दोस्ती झाली ती शेवटपर्यंत टिकली. १९७६ मधे दोघांचा 'डिगा ऱ्हिदम बँड' चा अल्बम आला, त्यात गार्सियानेही वाजवलंय. त्यातला 'हॅपिनेस इज ड्रमिंग' हा तुकडा पुढे शब्द लागून डेडचं 'फायर ऑन द माउंटन' झाला. म्हणजे माहीमच्या पोराचा हात लागलेल्या ठेक्यावर अमेरिकेच्या स्टेडियममधे हजारो लोक नाचत होते. पुढे १९९१ चा 'प्लॅनेट ड्रम', त्याला वर्ल्ड म्युझिकचं पहिलंवहिलं ग्रॅमी.

२०२४ च्या ऑक्टोबरमधे फिल लेश गेला आणि डिसेंबरमधे झाकीरभाई. त्या दोन महिन्यांत मी दुसरं काही ऐकलंच नाही.

बेसवाला_बंड्या
+१ डग्गा. आणि 'फायर ऑन द माउंटन' मधे कॉर्ड किती माहितीये? दोन. बी आणि ए. संपलं. त्या दोन कॉर्डवर ८ मे १९७७ ला कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जे केलं ते लोक अजून ऐकतायत. 'स्कार्लेट बिगोनियाज' मधून त्यात जाताना जोड कुठे आहे ते शोधून दाखवा. दोन्ही गाणी मिळून पंचवीस मिनिटांच्या वर जातात. त्या रात्रीची टेप वर्षानुवर्षं हातोहात फिरली आणि २०१७ मधे अधिकृत निघाली.

नवीन पोरं बँड काढतात तेव्हा अवघड कॉर्ड गोळा करतात. जॅम शिकायचा असेल तर दोन कॉर्ड घ्या आणि कंटाळा येईपर्यंत वाजवा, आणि कंटाळा आल्यावर थांबू नका, खरं तिथून सुरू होतं.

घाटावरचा
"कंटाळा आल्यावर थांबू नका" हेच तर माझं दुखणं आहे, प्रेक्षकांनी काय पाप केलंय :D

बरं गंभीरपणे. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात ऑगस्ट १९६९ मधे हाच बँड काय वाजला ते पण सांगा की. पाऊस पडलेला, स्टेज ओलं, मायक्रोफोनला तोंड लावलं की विजेचे झटके बसत होते, आणि एक गाणं अर्ध्या तासाहून जास्त ताणलं. त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय की वाईट वाजलो. म्हणजे तोवरच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा जमाव समोर आणि त्या दिवशी काही सुचलंच नाही. ठरवून वाजवणारे त्याच दिवशी तिथे नाव काढून गेले.

निशिगंधा_प
घाटावरचा, पण हीच तर त्यांच्या खरेपणाची खूण आहे ना. जे फसू शकतं तेच तिथल्या तिथे असतं. त्यांनी ३० वर्षांत सुमारे २३०० कार्यक्रम केले, बहुतेकांची रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यातले कित्येक अगदी सामान्य आहेत आणि तेही लोकांसमोर आहेत. १९८४ पासून तर कार्यक्रमात टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवायचे. आपली वाईट रात्र लोकांनी घरी न्यावी याला परवानगी द्यायला छाती लागते.

मला वेगळा मुद्दा मांडायचाय. इथे सगळे वाजवण्याबद्दल बोलतायत, मला न वाजवण्याबद्दल सांगायचंय. किंग क्रिमझन या इंग्लिश बँडचा १९७४ चा 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' हा अल्बम बघा. लोकांना स्टुडिओ अल्बम वाटतो पण त्यातला बराचसा भाग लाइव्ह कार्यक्रमातला, टाळ्या काढून टाकलेल्या. त्यात 'ट्रिओ' नावाचा तुकडा आहे, २३ नोव्हेंबर १९७३ ला ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमधे तिथल्या तिथे सुचलेला. व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉनवरची (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) बासरी. चौथा माणूस बिल ब्रुफर्ड, ड्रम्सवर. तो हातातल्या काड्या छातीशी आडव्या धरून बसून राहिला. हे तिघं इतकं हळुवार काही विणतायत की आपला एक ठोका पडला तरी ते तुटेल हे त्याला कळलं आणि तो अख्ख्या तुकड्यात एकदाही वाजला नाही. बाकीच्यांनी अल्बमवर त्या तुकड्याच्या श्रेयात त्याचंही नाव घातलं. न वाजवल्याबद्दल!

मी स्वतः व्हायोलिन वाजवते (कर्नाटकी शिकले, सध्या एका बँडमधे आहे) आणि खरं सांगते, चाळीस वॉटचा अँप मागे गुरगुरत असताना, समोर लोक असताना हात थांबवून बसणं सगळ्यात अवघड आहे. हात वळवळतात.

खर्जवाला
वा वा निशिगंधा! हे मला अजिबात माहीत नव्हतं. आत्ताच ऐकलं. हेडफोनवर दुसऱ्यांदा ऐकताना मी त्या न वाजणाऱ्या ड्रम्सचीच वाट बघत होतो.

साउंडचेक
लाइव्ह साउंड करतो, पुण्या-मुंबईत आणि बाहेरही. कुणीच न बोललेली गोष्ट बोलतो. एकमेकांना ऐकू आलं पाहिजे.

हे ऐकायला बाळबोध वाटेल. पण स्टेजवर उभं राहून बघा, ड्रमवाल्याला गायक ऐकू येत नाही, गिटारवाल्याला स्वतःच्या अँपशिवाय काही ऐकू येत नाही. बेसवाला_बंड्या म्हणाले ती एक-दोन सेकंदांची साखळी तयार व्हायला आधी बेस कानापर्यंत यायला हवा. डेडवाल्यांना हे इतकं कळलं होतं की १९७४ मधे त्यांनी 'वॉल ऑफ साउंड' उभी केली. सुमारे ७५ टनांची यंत्रणा, स्पीकरची भिंत बँडच्या मागे. प्रत्येक वाद्याला स्वतःचे वेगळे स्पीकर. लेशच्या बेसच्या प्रत्येक तारेचा आवाजसुद्धा वेगळा काढता यायचा. वेगळे मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) नाहीतच, जे लोकांना ऐकू येतं तेच वाजवणाऱ्यांना. आता स्पीकर माइकच्या मागे आल्यावर शिट्टी वाजणार, तर त्यावर तोड अशी की प्रत्येक गायकापुढे दोन माइक, एकमेकांच्या उलट फेजमधे जोडलेले. गाणारा एकातच गातो. मागून येणारा आवाज दोन्हीत सारखा शिरतो म्हणून कटतो, गाणं तेवढं उरतं. ५० वर्षांपूर्वी ही डोकी! अर्थात खर्च परवडला नाही, वर्ष सरायच्या आत सगळं उतरवावं लागलं.

आणि आजचं उलटं टोक. मोठ्या टूरमधे प्रत्येकाच्या कानात इअरपीस, त्यात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टकटक. दिवे, मागचा व्हिडिओ, आधीच रेकॉर्ड केलेली कीबोर्डं सगळं त्या क्लिकला बांधलेलं. गिटारवाल्याला एक आवर्तन जास्त घ्यावंसं वाटलं तर घेताच येत नाही, व्हिडिओ पुढे निघून जातो. पोरांमधे कुवत नाही असं नाही हो. मी साउंडचेकला ऐकतो ना, शो सुरू व्हायच्या आधी दुपारी रिकाम्या मैदानात ही पोरं जे जॅम करतात ते संध्याकाळी तिकीट काढून येणाऱ्याला कधीच ऐकायला मिळत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

दोन_पेग
सगळे मुख्य गोष्ट टाळतायत. एलएसडी.

जुनी_रेकॉर्ड
टाळत नाही. १९६५-६६ च्या ॲसिड टेस्ट नावाच्या एलएसडीच्या पार्ट्यांमधे हा बँड वाजवायचा हे जगजाहीर आहे. पण त्यातून खरं काय मिळालं? त्या पार्ट्यांमधे लोक त्यांना ऐकायला आलेले नसायचे. तीन तास वाजवा नाहीतर पाच मिनिटांत उठा, कुणी विचारणार नव्हतं. नवशिक्या बँडला असं अपेक्षा नसलेलं स्टेज मिळणं ही चैन आहे. नशेने कुणाला ११ मात्रा येत नाहीत, त्या तालमीने येतात. आणि नशेने गार्सियाचं शेवटी काय झालं तेही बघा, १९९५ मधे ५३ वर्षांचा असताना गेला, व्यसनमुक्तीच्या केंद्रात.

दोन_पेग
मान्य.

सॅनहोजेकर
उशिरा आलो, कामाच्या आठवड्यात जमलं नाही. बे एरियात राहतो, फिल लेशला जवळून बघितलंय म्हणून लिहितो.

सॅन राफेलमधे त्याने २०१२ मधे टेरापिन क्रॉसरोड्स नावाची जागा काढली होती. हॉटेल, बार आणि मागे एक छोटा हॉल. २०२१ मधे बंद झाली. तिथे तो सत्तरी ओलांडलेला माणूस निम्म्या वयाच्या पोरांना घेऊन वाजवायचा, दर वेळी वेगळी पोरं. मी एकदा हॉलच्या डाव्या बाजूला उभा होतो, त्याच्यापासून फार तर पंधरा फुटांवर. एक तरुण गिटारवाला फार छान सोलो घेत होता, लोक ओरडत होते, आणि त्याला ते चढत होतं, तो जोरात, अजून जोरात. लेशने मान वर न करता बेसवरचे स्वर कमी करत नेले. आठ, मग चार, मग एका आवर्तनात एकच. पायाखालची फरशी काढून घ्यावी तसं झालं. त्या पोराने दचकून मागे बघितलं. लेश हसत होता. पोराने गिटारचा आवाज कमी केला आणि दोन-तीन स्वर नुसते सोडून दिले, वाट बघितली, आणि ते कीबोर्डवाल्याने उचलले. पुढची दहा मिनिटं गाणं वेगळ्याच गावाला गेलं. तोंडातून शब्द नाही, हाताची खूण नाही.

त्यामुळे खर्जवाला, तुमचं म्हणणं मी डोळ्यांनी पाहिलंय. मागचा माणूसच ठरवतो.

वेडा_राघू
ऐकून आलो. व्हेनेटावालं, एकदा पूर्ण आणि एकदा तुकड्या-तुकड्यांत. पहिल्यांदा मधेच उठून चहा टाकला, दुसऱ्यांदा टाकता आला नाही.

माझ्या डोक्यात कबड्डी आली. बचाव करणारे सात जण साखळी धरून असतात, चढाईवाला आत शिरतो, आणि कधी झडप घालायची हे कुणी सांगत नाही पण सातही जण एकाच क्षणी मिटतात. शाळेत आम्ही खेळायचो तेव्हा शेजाऱ्याच्या मनगटाच्या ताणावरून कळायचं.

एक शंका, त्या ३१ मिनिटांच्या शेवटी सगळं अंतराळात गेलेलं असताना एकदम काउबॉयचं गाणं कसं काय सुरू होतं??

बेसवाला_बंड्या
हाहा ते 'एल पासो', बॉब वीअरचा लाडका नंबर. तीनच्या ठेक्यातलं सरळसोट गोष्ट सांगणारं गाणं. त्या दिवशी ड्रम्सवर एकटा क्रॉइट्झमन होता, हार्ट तेव्हा बँड सोडून गेला होता, आणि एकटा असल्यामुळे तो कुठूनही कुठेही वळू शकायचा. मला तर ती जागा अख्ख्या कार्यक्रमात सगळ्यात धाडसी वाटते.

आणि त्या कार्यक्रमाची अजून एक गोष्ट सांगतो, तो एका डेअरीला पैसे उभे करायला केलेला होता. स्प्रिंगफील्ड क्रीमरी, दही बनवणारे. तिकिटं दह्याच्या लेबलांवर छापली होती! वरून ३८ अंशांच्या पुढचं ऊन.

मेघना_७
दह्याच्या लेबलावर तिकीट!! चितळे ऐकताय का :))

घाटावरचा
दह्यासाठी वाजवलं असेल तर माझे दोन आक्षेप मागे. बाकीचे कायम. पाल्हाळ ते पाल्हाळच. पण सॅनहोजेकर यांनी लिहिलेलं वाचल्यावर मला मान्य करावं लागेल की चांगल्या जॅममधला मुख्य माणूस बडबड्या नसतो. ज्या जॅमचा मला राग येतो ते एकट्या गिटारवाल्याचे असतात, बाकीचे नुसते हमाली करत असतात.

मला एक सांगा, हे शिकता येतं का? की वीस वर्षं एकत्र राहिलं तरच?

बेसवाला_बंड्या
शिकता येतं. फिश नावाचा व्हर्मांटचा बँड आहे, १९८३ पासूनचा, १९८६ पासून तेच चौघं. २०१७ मधे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला १३ रात्री वाजवले आणि एकही गाणं परत घेतलं नाही. त्यांचा तालमीतला एक व्यायाम आहे, आम्ही आमच्या बँडमधे उचललाय. एकजण छोटा तुकडा सुरू करतो. बाकीचे एकेक करून त्यात बसणारं काहीतरी घालतात. आपण बसलो आणि बाकी तिघांचंही आपल्याला नीट ऐकू येतंय असं वाटलं की तोंडाने 'हे' म्हणायचं. चौघांचे 'हे' आले की पुढचा माणूस आपला तुकडा थोडासा बदलतो, परत सगळ्यांनी जुळवायचं, परत 'हे'. बस.

पहिल्यांदा केलं तेव्हा आमचा गिटारवाला पहिल्या मिनिटात 'हे' म्हणून मोकळा आणि ड्रमवाल्याचा 'हे' येईचना. त्याला विचारलं तर म्हणाला तुझा आवाज इतका आहे की मला बेस ऐकूच येत नाही. दोन वर्षं एकत्र वाजवत होतो आणि हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. त्या एका तालमीनंतर सगळ्यांच्या अँपचे आवाज खाली आले ते आजपर्यंत.

साउंडचेक
तुमच्या गिटारवाल्याचा आवाज खाली आला??? हा व्यायाम मी उद्यापासून प्रत्येक बँडला सक्तीचा करतो.

निशिगंधा_प
आमच्या बँडमधे पण करून बघणार. त्याच धर्तीवर अजून एक सुचवते, एकाने पूर्ण पाच मिनिटं वाद्य हातात घेऊन फक्त बसायचं, पाळीपाळीने. कोण बसलंय यावर तुकडा किती बदलतो ते बघा. व्हायोलिन थांबलं तर कुणाला फरक पडत नाही, बेस थांबला की सगळे घाबरतात :)

खर्जवाला
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं पण त्यातून दुसरा प्रश्न आलाय. डग्गा, तुम्ही म्हणालात एकाने घर सांभाळलं की दुसरा फिरू शकतो. सॅनहोजेकर यांनी सांगितलं त्यात तर घर सांभाळणाऱ्यानेच घर काढून घेतलं, आणि त्यातून उत्तम काही निघालं. आपल्याकडे तबलजीने मैफलीत मधेच ठेका काढून घेतला तर गवई त्याच्याकडे कसा बघेल?

डग्गा
गवई बघेलच, आणि पुढच्या मैफलीला दुसरा तबलजी असेल. साथीत ते चालत नाही. पण दोन तबलजींची जुगलबंदी असेल तर चालतं, तिथे लेहरा धरणारा सारंगीवाला किंवा पेटीवाला घर सांभाळतो आणि आम्ही दोघं एकमेकांच्या पायाखालचं काढत असतो.

बेसवाला_बंड्या, तुम्ही पुण्यात आहात ना? अकराचा लेहरा बेसवर धरता येईल का तुम्हाला, ३+३+३+२? मी तबला घेऊन येतो, निशिगंधाताईंना वेळ असेल तर त्याही.

बेसवाला_बंड्या
कधीही या. शनिवारी संध्याकाळी आमची जॅमरूम मोकळी असते. सा ए ला ठेवू, खमाजचे स्वर. तबला ए ला चढेल ना? काळी चारच्या अर्धा स्वर वर म्हणजे पांढरी सहा.

डग्गा
चढणार नाही, माझा काळी एकचा आहे. सा सी शार्पला घ्या.

निशिगंधा_प
मी येते. पहिली पाच मिनिटं मी बसून राहणार हे आत्ताच सांगून ठेवते.

घाटावरचा
ऐकायला आलं तर चालेल का? घड्याळ घरी ठेवून येतो.